विशाखाताई आणि ओहोटीची वेळ

परवा आमच्या सोसायटीतल्या बायकांनी रविवारी संध्याकाळी दादर चौपाटीवर जायचं ठरवलं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणीतरी भरती-ओहोटीच्या वेळांचा तक्ता टाकला. ओहोटी नेमकी संध्याकाळची, म्हणजे सगळं सोयीचं. खाली धडाधड अंगठे पडले. एकीने चटया आणायचं कबूल केलं, दुसरीने भेळेचं. मी अंगठा टाकायचा सोडून तो तक्ता बोटांनी मोठा करत बसले. हा तक्ता कुठल्या बंदराचा? दादरचा की कुलाब्याचा? वारा कुठून आहे? गेल्या दोन-तीन दिवसांत लांब समुद्रात काही झालंय का? एवढं सगळं मनात येऊन गेल्यावर मला उमगलं, की यातला एकही प्रश्न माझा नाही. हे सगळे विशाखाताईंचे प्रश्न. त्या नागपूरला निघून गेल्या त्याला आता काही वर्षं होतील, पण त्यांची चुळबुळ माझ्या डोक्यात राहून गेली आहे.

विशाखा जाधव परळच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होत्या. मी तिथेच समाजसेवा विभागात. पेशंटच्या घरची परिस्थिती बघायची, नातेवाइकांशी बोलायचं, हे माझं काम. आमची दोघींची खोली एकच, मधे प्लायवूडचं पार्टिशन. माझ्या बाजूच्या खुर्चीत मी असायचे, त्यांच्या बाजूच्या खुर्चीत त्यांची पर्स. ताईंना बसलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं. चहा खिडकीपाशी उभ्याने व्हायचा. डब्यातल्या पोळीत भाजी गुंडाळायच्या आणि खात खात वॉर्डात एक चक्कर मारून यायच्या. लिफ्टचं बटण दाबायच्या, पण लिफ्ट येईपर्यंत जिना चढून वर पोचलेल्या असायच्या. बसस्टॉपवर थांबून राहणं तर त्यांना अशक्यच होतं. बस येत नाही म्हटल्यावर त्या पुढच्या स्टॉपकडे चालायला लागायच्या, आणि बस बरोबर दोन स्टॉपांच्या मधे त्यांना गाठून निघून जायची. दुसऱ्या दिवशी मला सांगायच्या, “जाऊ दे गं, चालणं तरी झालं.”

बुटक्या, सावळ्या, केस मानेपर्यंत कापलेले, सलवार-कमीजवर पायात कायम पळायचे बूट. बोलणं इतकं भरभर, की नव्या पेशंटला पहिले दोन दिवस काही कळायचंच नाही. ऐकतानाही त्या स्वस्थ नसायच्या. समोरचा बोलताना जरा अडखळला की त्या म्हणायच्या, “पुढे?” नातेवाइकांना हा उद्धटपणा वाटायचा. पेशंटना मात्र ते “पुढे?” आवडायचं, कारण बाकी सगळे त्यांच्याशी मागचंच बोलत असत. कसे पडलात, कधी पडलात, तेव्हा कोण होतं बरोबर.

नातेवाईक एकच प्रश्न विचारायचे: मॅडम, हे कधी चालतील? ताईंचं उत्तर ठरलेलं होतं. आधी त्या महिने सांगायच्या, आणि लगेच बोट वर करून म्हणायच्या, “अंदाज आहे हां, वचन नाही.”

प्रकाश सावंत आमच्याकडे आले तेव्हा चाळिशीचे होते. काळाचौकीला राहायचे, गणपतीच्या मंडपांचं सुतारकाम करायचे. त्याच कामात उंचावरून खाली आले आणि कमरेखालचा भाग गेला. उजवा पाय पूर्ण बधिर. डाव्यात थोडी जाणीव शिल्लक होती, पण जोर नव्हता. मूळचे देवगडकडच्या एका समुद्राकाठच्या गावातले. व्यायाम सांगितला की करायचे, पण तोंडातून शब्द नाही. ताईंच्या “पुढे?”ला त्यांच्याकडे उत्तरच नव्हतं. ताई त्यामुळे फार अस्वस्थ व्हायच्या. पार्टिशनच्या पलीकडून मला त्यांची पेन आपटण्याची टकटक ऐकू यायची, म्हणजे सावंतांची फाइल उघडलेली आहे असं समजायचं.

एक दिवस खिडकीबाहेर बघत सावंतांनी आपणहून विचारलं, की इथून समुद्र किती लांब आहे. ताई म्हणाल्या, शिवडीला गेलं की आलाच. सावंतांनी मान हलवली. “ती खाडी, मॅडम. चिखल. समुद्र म्हणजे वाळू हवी.”

ताईंना एवढं पुरलं. त्या शनिवारी हॉस्पिटलची गाडी, वॉर्डातले दोन मामा (वॉर्डबॉयना आम्ही मामाच म्हणायचो), सावंत आणि त्यांची बायको सुलभा, अशी वरात गिरगाव चौपाटीवर पोचली. कागदपत्रांसाठी मीही होते. फुटपाथवरून व्हीलचेअर वाळूत उतरवली आणि चाकं आत गेली. पुढे ढकलली तर आणखी आत. मामा घामाघूम झाले. ताई पुढून ओढत होत्या. शेवटी चौपाटीवरची माणसं धावली, सहा-सात जणांनी खुर्चीसकट सावंतांना वर उचललं आणि हाकारे घालत पाण्याच्या दिशेने निघाले. माणसं चांगली होती, उत्साहात होती. सावंतांचा चेहरा मात्र दगडासारखा झाला होता. ते ताईंना म्हणाले, “मला विसर्जनाला आणलंत काय, मॅडम?”

उचलणारे हसले. सावंत हसले नाहीत. ताईंनी तिथूनच सगळ्यांना मागे फिरवलं.

गाडीत सावंतांना बसवल्यावर ताई दिसेनात. बघते तर त्या एकट्या पाण्याकडे चालत गेल्या होत्या. पाणी नुकतंच ओसरत होतं आणि मागे राहिलेल्या ओल्या वाळूवर त्या बूट आपटत होत्या. इथे आपट, तिथे आपट. लोक बघत होते. परत आल्या त्या धापा टाकतच. वरची वाळू भुसभुशीत आहे, तिथे चाक रुततं. खालची ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी घट्ट आहे, आणि ती फक्त ओहोटीलाच उघडी पडते, असं त्यांनी एका दमात सांगितलं. भेळवाल्यांच्या बाजूने वरून फळ्या टाकल्या, की त्या घट्ट वाळूपर्यंत खुर्ची नेता येईल. प्रश्न फक्त वेळेचा होता.

तिथून ताई ओहोटीच्या मागे लागल्या.

आधी त्यांनी फोनवर तीन ॲप घेतली. तिन्ही वेगवेगळ्या वेळा दाखवायची. ताईंना याचा इतका राग आला, की जेवणाच्या सुट्टीत त्यांनी बंदराच्या एका कार्यालयात फोन लावला. त्यांना या टेबलावरून त्या टेबलावर पाठवलं गेलं. शेवटी एक कंटाळलेले अधिकारी मिळाले. ते म्हणाले, तुमची तिन्ही ॲप बहुधा खरंच सांगताहेत, पण वेगवेगळ्या जागांचं. एकात कुलाब्याकडची वेळ असेल, एकात वसईकडची, किनारा बदलला की वेळ सरकते. आणि हे सगळं चंद्र-सूर्याचं गणित आहे. त्यात वारा नाही, पाऊस नाही, हवेचा दाब नाही. किनाऱ्याकडे जोराचा वारा असेल तर पाणी सांगितल्याइतकं आत जाणारच नाही. ताईंनी विचारलं, मग भरवसा किती ठेवायचा? ते म्हणाले, तुम्हाला जहाज आणायचंय की सहल? सहल म्हटल्यावर म्हणाले, मग भरपूर ठेवा, आणि फोन ठेवून दिला.

ताईंची आई तेव्हा काळाचौकीच्या जुन्या चाळीतच राहायची. ताईंबरोबर मी एकदा तिथे गेले होते. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, खाली ताजी फुलं, आणि समोर मांडी घालून लसूण सोलत बसलेली म्हातारी. तिचे वडील गुहागरकडे खाडीत तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवायचे. मुलीचा फोन बघून तिने विचारलं, आज तिथी कुठली? पंचमी. मग तिथीची पाऊणपट कर, पावणेचारला भरती, झालं. ताईंनी ॲपमध्ये बघितलं. वेळ जवळपास तीच होती, थोडी पुढे-मागे. त्यांनी आईला चिडवलं, घरात पंचांग नाही, एकादशी नाही, आणि तिथ्या बऱ्या पाठ आहेत. आई लसणावरून नजर न काढता म्हणाली, “उपासाला नाय गं मोजत. पाण्याला मोजतो आम्ही.”

मी परत येताना म्हटलं, की आईचं गणित बरं आहे, फोन नको. ताईंना ते पटलं नाही. थोडी पुढे-मागे म्हणजे किती, हा त्यांचा प्रश्न होता. माणसाला वाळूवर घेऊन गेल्यावर थोडी पुढे-मागे चालणार नव्हती. त्या संध्याकाळी त्या मला न सांगता गिरगावला जाऊन उभ्या राहिल्या आणि ओहोटी खरोखर कधी लागते ते बघून आल्या. मग दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. दादरलाही गेल्या. आठवड्याभरात गिरगावला कुठलं ॲप चालतं ते त्यांनी ठरवून टाकलं.

दुसऱ्या वेळेस पौर्णिमा होती. पौर्णिमा-अमावास्येला इथे भरती दुपारी होते आणि संध्याकाळी पाणी खूप आत जातं. फळ्यांवरून सावंतांची खुर्ची खाली आली आणि ओल्या वाळूला लागली. मामांनी हात पुढे केले, ताईंनी ते बाजूला सारले. सावंतांनी स्वतः चाकांना हात घातला. एकदा, दोनदा, आणि खुर्ची निघाली. चिखल नाही, खड्डा नाही, समोर ओली चकाकणारी सपाट वाळू. सावंत जे सुटले ते पाण्याच्या कडेने सरळ जात राहिले, आणि ताई मागून पळत, “सावंत, हळू, अहो सावंत,” करत. तेवढ्या एकाच वेळी मी कुणालातरी ताईंपेक्षा घाईत पाहिलं. परतीच्या वाटेवर सावंत अखंड बोलत होते. गावाचं, जाळ्यांचं, आईचं. सुलभा खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होती.

मग ते नेमाचं झालं. महिन्यातून एखादी सहल, बरोबर तीन-चार पेशंट. खोताच्या वाडीतल्या फिलोमिना आंटी होत्या, अर्धांगाचा झटका आलेल्या. जन्म गिरगावात गेला, पण झटक्यानंतर घराबाहेर पाऊल नव्हतं. पाण्याच्या कडेला नेल्यावर त्या वाकड्या झालेल्या जिभेने म्हणाल्या, आणखी पुढे. ताईंनी थोडं नेलं. आणखी पुढे. ताई म्हणाल्या, आंटी, आता बस. आंटींनी असा काही शब्द वापरला, की मामा दुसरीकडे बघायला लागले. गेल्या कित्येक आठवड्यांत आंटींच्या तोंडून आलेला तो सगळ्यात स्पष्ट शब्द होता. ताईंनी तो केसपेपरवर लिहायचा की नाही यावर माझ्याशी वाद घातला.

या सगळ्यात ताई खूश असायच्या असं मात्र नाही. सहलीच्या आदल्या दिवशी त्यांचं काही खरं नसायचं. ॲप पुन्हा पुन्हा उघडायच्या, जणू चंद्र मधल्या मधे विचार बदलणार होता. मला फोन करायच्या, वेळ सांगायच्या, ठेवायच्या, परत करायच्या. मी एकदा वैतागून म्हटलं, की तक्ता चुकलाय कधी? त्या म्हणाल्या, “अजून नाही. म्हणूनच तर भीती वाटते.”

ते घडलं दिवाळीच्या थोडं आधी. स्वच्छ ऊन, आभाळात एक ढग नाही, वारा जेमतेम. ओहोटी तक्त्यातल्या वेळेला, तक्त्यातल्याइतकीच. सावंत त्या दिवशी पाण्याच्या अगदी कडेला होते, चाकाला पाणी लागेल न लागेल असे. सुलभा शेजारी उभी होती. समुद्र सपाट होता. मग लांबवर पाणी फुगल्यासारखं दिसलं. ती लाट फुटली नाही, उंचही झाली नाही, नुसती येत राहिली, आणि थांबायच्या जागी थांबली नाही. सुलभाच्या मांड्यांपर्यंत पाणी आलं. व्हीलचेअर उचलली गेली, फिरली आणि आडवी झाली. पाठोपाठ दुसरी लाट. मामा आणि ताई एकदमच आत शिरले. सावंतांचं डोकं पाण्याखाली गेलं असेल ते क्षणभरच, पण तो क्षण आम्ही सगळ्यांनी पाहिला.

त्यांना ओढून वर आणलं. खोकले, पाणी ओकले आणि चक्क हसायला लागले. म्हणाले, मला काही झालं नाही, देवगडचा आहे मी. आम्हीही हसलो, सुटल्यासारखे. ताई हसत नव्हत्या. त्या गुडघ्यांवर बसून सावंतांच्या पायांवरून हात फिरवत होत्या, आणि उजव्या मांडीपाशी त्यांचा हात थांबला. मांडी जिथे वाकायला नको तिथे किंचित वाकली होती. सावंतांना त्याचा पत्ताच नव्हता. ते अजून देवगडचंच काहीतरी सांगत होते.

“सावंत,” ताई म्हणाल्या, “बोलू नका. पाय मोडलाय तुमचा.”

मागाहून कळलं, की दोन दिवस आधी खूप लांब, भर समुद्रात वादळ झालं होतं. त्याच्या लाटा त्या दिवशी आमच्या उन्हात पोचल्या होत्या. तक्त्याचं काही चुकलं नव्हतं. पाणी जिथे असायला हवं तिथेच होतं.

हॉस्पिटलने सहली बंद केल्या. ताईंकडून लेखी खुलासा मागवला, समुद्रावर नेण्याचा उपचारांशी संबंध काय असंही विचारलं. ताईंनी ते सगळं भराभर लिहून दिलं. त्यांना त्याची पर्वा नव्हती. त्यांना सुलभाची होती. ऑपरेशननंतर सावंत वॉर्डात होते आणि सुलभा ताईंशी बोलत नव्हती. ताई रोज जायच्या, पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहायच्या. सावंत त्यांना म्हणायचे, मॅडम, दुखत नाही हो, खरंच दुखत नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सुलभा उठून ताईंच्या मागे कॉरिडॉरमध्ये आली.

“तेंका दुखत नाय, म्हणून चालतं काय, मॅडम?” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “तेंच्या वाटचं मला दुखतं.”

त्या संध्याकाळी मी पार्टिशनपलीकडे डोकावले तर ताई खुर्चीत बसल्या होत्या, पर्स मांडीवर घेऊन.

त्यानंतरचे काही महिने त्यांच्यासोबत राहणं कठीण होतं. रोज सुटल्यावर त्या कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर जायच्या. कधी मी बरोबर असायचे. दादरला कठड्याशी उभ्या राहून त्या तक्ता आणि पाणी ताडून बघायच्या, आणि तक्ता बरोबर निघाला की चिडायच्या. एकदा मी म्हटलं, ताई, बरोबर आहे तर चिडता कशाला? त्या म्हणाल्या, “अगं, हे बरोबरच सांगतं. पाणी कुठवर असेल ते सांगतं. लाट कुठवर येईल ते सांगत नाही, आणि आपण सगळे दोन्ही एकच समजून निघतो.” मग लाटांचे इशारे कुठे मिळतात ते त्यांनी शोधून काढलं. तेही बघायला लागल्या. मग त्या इशाऱ्यांचाही अनुभव घेऊ लागल्या: कधी इशारा असायचा आणि समुद्र शांत, कधी उलटं. त्यांना एक जागा हवी होती जिथे बोट ठेवून म्हणता येईल, की हे नक्की. ती सापडत नव्हती. एवढं मात्र त्यांनी स्वतःशी ठरवलं, की कुणालाही वाळूवर उतरवण्याआधी आपण तिथे पोचायचं, आणि बराच वेळ नुसतं पाण्याकडे बघत उभं राहायचं. बसस्टॉपवर थांबू न शकणाऱ्या बाईला हे किती जड गेलं असेल. उभ्या असायच्या, पण एका पायावरून दुसऱ्या पायावर, बोटं सारखी ओढणीला पीळ घालत.

पुढे त्या रविवारी, स्वतःच्या जबाबदारीवर, घरच्यांची लेखी संमती घेऊन पेशंटना नेऊ लागल्या. हॉस्पिटलचं नाव नाही, गाडी नाही. फिलोमिना आंटी पुन्हा आल्या. इतर आले. सावंत आले नाहीत. ताई त्यांच्या घरी व्यायामासाठी नियमाने जायच्या. सुलभा दार उघडायची, पाणी द्यायची आणि आत निघून जायची. हळूहळू पाण्याबरोबर चहा यायला लागला, मग चहाबरोबर कधी आंबोळी. पण समुद्राचा विषय त्या घरात निघायचा नाही.

मग ताई रिटायर झाल्या. वर्षभरात त्यांची आई गेली. ताईंची मुलगी नागपूरला नोकरीला होती, तिला बाळ झालं होतं, तिने त्यांना कायमचं बोलावून घेतलं. आम्ही थट्टा केली, की ताई, तिथे कुठली भरती नि कुठली ओहोटी. त्यांनीही केली. पण सामान बांधायच्या दिवसांत त्यांचा मला सारखा फोन यायचा आणि विषय काहीच नसायचा.

जायच्या थोडे दिवस आधी सावंतांचा फोन आला. मॅडम, जायच्या आधी एकदा न्या. ताईंनी विचारलं, घरी काय म्हणतात? मग फोनवर सुलभा आली. तिने एवढंच सांगितलं, की मीसुद्धा येते.

ती अमावास्या होती. संध्याकाळची ओहोटी, हिवाळ्याचे दिवस, कसलाही इशारा नव्हता. ताई दुपारपासूनच गिरगावला जाऊन उभ्या होत्या. मी सावंतांना आणि सुलभाला घेऊन गाडीने पोचले तेव्हा पाणी छान आत गेलं होतं, खाली घट्ट वाळूचा पट्टा चकाकत होता आणि फळ्या टाकून तयार होत्या. मधला सगळा काळ जणू पुसून गेला होता. सुलभा नवी साडी नेसून आली होती. सावंतांची खुर्ची आम्ही फुटपाथवरून फळ्यांच्या तोंडाशी आणली.

ताई वर आल्या. चेहरा उतरलेला. “नाही,” त्या म्हणाल्या. “आज नाही उतरायचं.”

आम्हाला वाटलं थट्टा करताहेत. मी समुद्राकडे बघितलं. लहान पोरं पाण्यात खेळत होती. सावंतांनी विचारलं, काय झालं? ताई म्हणाल्या, की मगाशी दोन लाटा आल्या, लांब, नेहमीपेक्षा जास्त वर. नंतर आल्या नाहीत. पण त्या आल्या होत्या.

“इशारा आहे काही?” मी विचारलं.

“नाही.”

“तक्ता?”

“सगळं बरोबर आहे.”

आम्ही बराच वेळ तसेच उभे राहिलो. लाटा येत होत्या, जात होत्या, रोजच्यासारख्या. शेवटी सुलभाच बोलली, आणि तिच्या आवाजात जुना कडवटपणा होता. “त्या दिवशी नेलंत. आज मी मनाची एवढी तयारी करून आले, तर नेत नाय म्हणता. आम्ही काय समजायचं, मॅडम?”

“मी चुकत असेन,” ताई म्हणाल्या. “चुकतच असेन बहुतेक. पण मी नाही नेणार.”

सावंतांनी खुर्चीची चाकं फिरवली आणि तोंड रस्त्याकडे केलं. मला वाटलं, संपलं. ही बाई नागपूरला जाणार आणि हे असंच राहणार. मी गाडीवाल्याला हाक मारायला वळले.

तेवढ्यात ताई भेळवाल्याशी हुज्जत घालताना दिसल्या. त्याच्या प्लेटा धुवायच्या बालद्यांपैकी एक रिकामी करून त्यांनी उचलली आणि तरातरा पाण्याकडे निघाल्या. सलवार गुडघ्यापर्यंत वर ओढलेली, बूट वाटेतच काढून टाकलेले. बालदी भरली, दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि अर्धी अंगावर सांडत वर आणली. सावंतांच्या खुर्चीपुढे फुटपाथवर ठेवली आणि त्यांचे बूट-मोजे काढायला खाली बसल्या. घाईघाईत ओढून ताईंनी बुटाच्या नाडीची गाठच करून ठेवली.

सुलभा बघत राहिली. मग नव्या साडीचा पदर खोचून तीही खाली बसली. तिने ताईंचे हात बाजूला केले, नाडी सोडली, मोजे काढले आणि नवऱ्याचे दोन्ही पाय धरून एक-एक करून बालदीत ठेवले. येणारे-जाणारे थांबून बघत होते. सावंत अजून रस्त्याकडेच बघत होते.

मग तसेच तिकडे बघत ते म्हणाले, “डाव्याला कळतंय.”

“काय कळतंय?” सुलभाने विचारलं.

“गार आहे. आणि खाली वाळू आहे थोडी.”

सुलभाने बालदीत हात घातला, तळाची मूठभर वाळू उचलली आणि त्यांच्या डाव्या तळव्यावर चोळायला लागली. सावंतांनी डोळे मिटले. मी ताईंकडे बघितलं, त्यांना काहीतरी सांगावं म्हणून. पण त्या जागेवर नव्हत्याच. भेळवाल्याची दुसरी बालदी घेऊन त्या केव्हाच वाळूत उतरल्या होत्या, अनवाणी, आणि पाण्याच्या दिशेने जवळजवळ पळत होत्या. कडेला पोचल्या, वाकल्या, आणि वाकलेल्या अवस्थेतच मान वर करून लांबवर बघत थांबल्या.